वसईच्या वेळेवर चालणारी गाडी

जानेवारीतला तिसरा शनिवार. सकाळी नऊ. उम्म अल कुवैनचा इंडस्ट्रियल एरिया, खानसाबांचं गराज.

हजर: अंकल. गराजचे मालक खानसाब. संगमेश्वरकडचा टाईल फिटर. फुजैराच्या बंदरावर क्रेन चालवणारे देवगडचे एक गृहस्थ. शारजातल्या हॉटेलात कामाला असलेले वसईचे दोघे भाऊ, दोघांत मिळून एक गाडी. आमच्यातलेच आणखी तिघे गाडीवाले. मी. माझी मुलगी, वय पंधरा, परतताना शोर्मा मिळेल या अटीवर. गैरहजर: कोणीही नाही. आमच्यात असं पहिल्यांदाच घडत होतं.

आणि सगळ्यांच्या मधोमध, चारही दारं उघडी टाकून, अंकलची पांढरी गाडी. ती आज खोलायची होती. म्हणजे नटबोल्ट काढून तिचे भाग सुटे करायचे आणि ज्याला जो लागेल तो वाटून घ्यायचा. गुरुवारी अंकल कायमचे वसईला जाणार होते. गाडी अख्खी राहावी, कोणीतरी ती चालवावी, एवढंच त्यांना हवं होतं. आम्हाला तिचे भाग हवे होते. नियम आमच्या बाजूचा होता, आणि तो नियम अंकलनीच केला होता.

अंकल आमच्या ऑफिसात डॉक्युमेंट कंट्रोलर होते. दुबईच्या सिलिकॉन ओएसिसमधल्या या कंपनीत मी अ‍ॅडमिन बघते, त्यामुळे त्यांचं टेबल अगदी माझ्या समोर. माणूस वसईचा. बायको तिकडेच, मुलं कॅनडात. बारा महिने पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि खिशात पेनाशेजारी टायरची हवा मोजायची काडी. कंपनीतले सगळे, अगदी मोठे साहेबसुद्धा, त्यांना अंकल म्हणायचे. अंकल मात्र कोणालाच नावाने हाक मारायचे नाहीत. गाडीचा जो भाग दुखरा, तेच माणसाचं नाव. टाईल फिटरचा एसी दर उन्हाळ्यात दगा द्यायचा, म्हणून तो कंप्रेसर. क्रेनवाले रेडिएटर. वसईचे भाऊ दोघे मिळून सस्पेन्शन. मी पुढे गिअरताई झाले. मोठ्या साहेबांची गाडी नवीकोरी, तिला कधी काही होतच नसे. त्यामुळे साहेबांचं नाव अंकलच्या शेवटपर्यंत लक्षात राहिलं नाही.

माझा नवरा फुजैराच्या टर्मिनलवर बदलून गेला आणि घरातली एकुलती एक गाडी त्याच्याबरोबर गेली. मला शारजातून रोज ऑफिसला यायचं, मुलीला क्लासवरून आणायचं. आठवड्याच्या आत गाडी हवी होती. मी नीट रकाने पाडून यादी केली: मॉडेल, वर्ष, किती चालली, किंमत दिरहममध्ये. अंकल माझ्या खुर्चीमागे उभे राहून ती वाचत होते.

"ही सगळी आईबापवाली पोरं आहेत," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे यांच्या कंपन्या जिवंत आहेत. शोरूम आहे, सर्व्हिस आहे, फोन केला तर गोड बोलणारी मुलगी आहे. म्हणून महाग. तुम्ही अनाथ घ्या."

अनाथ म्हणजे एका विशिष्ट कंपनीची गाडी. ती कंपनी इथे काही वर्षं बऱ्यापैकी चालली. मग खप आटला आणि तिने आखातातून गाशा गुंडाळला. शोरूमला कुलूप, सर्व्हिस बंद, स्पेअर पार्ट मिळेनासे झाले. लोक घाबरले आणि त्यांनी मिळेल त्या भावाने गाड्या काढून टाकल्या. घाबरलेल्या माणसाकडून चांगली गाडी घेण्यासारखं सुख नाही, असं अंकलचं मत होतं.

"पण अंकल, उद्या काही बिघडलं तर?"

"बिघडणार ना. गाडी आहे, फोटो नाही. पण कंपनी गेली म्हणून इंजिन जातं का? इंजिनला अजून कोणी सांगितलेलंच नाही."

मी सवयीने दिरहमचे रुपये करायला लागले, तर त्यांनी माझ्या कॅल्क्युलेटरवर हात ठेवला. "रुपये करायचे नाहीत हां. रुपये केले की इथे माणूस चहासुद्धा पिणार नाही."

पहिली गाडी बघायला आम्ही अजमानला गेलो. मालक इजिप्तचे, तीन मुलांचे वडील, त्यांनी गाडी चकचकीत धुऊन ठेवलेली. मला वाटलं, अंकल आता बॉनेट उघडतील. ते सरळ मागचं दार उघडून मागच्या सीटवर जाऊन बसले. दार लावून घेतलं, डोळे मिटले. बाहेर मी आणि ते इजिप्शियन गृहस्थ एकमेकांकडे बघत उभे. बऱ्याच वेळाने अंकल बाहेर आले. त्यांच्या तळहातावर बिस्किटाचा चुरा होता.

"घ्या," मला म्हणाले.

"इंजिन नाही बघायचं?"

"बघू की. पण पुढची सीट सगळेच साफ करतात. मागची सीट खरं बोलते. बिस्किटाचा चुरा म्हणजे मागे पोरं बसतात. पोरं बसतात म्हणजे बाप हळू चालवतो. आणि यांनी अत्तर मारलेलं नाही. ज्या गाडीत अत्तर, तिथे काहीतरी लपवलेलं."

मग त्यांनी आपल्या गाडीतून सुकेळ्यांची पुडी आणली. वसईची ती वाळवलेली पिवळी केळी त्यांच्याकडे कायम असायची. मालकाच्या हातावर एक ठेवलं आणि ते खाऊन होईपर्यंत किमतीचा विषय काढला नाही. गोड खाल्लेला माणूस फार ताणत नाही, हा त्यांचा हिशेब. तो इजिप्शियन ताणणाराच निघाला, पण दुसरं सुकेळं मागून घेतल्यावर त्यालाच ओशाळल्यासारखं झालं. मुल्किया, म्हणजे गाडीच्या नोंदणीचं कार्ड, त्याच दिवशी माझ्या नावावर झालं.

येताना अंकलनी मला एका मोठ्या काचेच्या दुकानासमोर थांबवलं. एकेकाळी तिथे त्या कंपनीचं शोरूम होतं. आता गाद्यांचं दुकान. आत नवी गाडी ठेवून फिरवायची गोल चकती अजून तशीच होती, फक्त तिच्यावर आता डबल बेड फिरत होता. अंकल आत गेले, बूट काढले आणि फिरत्या बेडवर आडवे झाले. सेल्समन धावत आला. "सर, कॅन आय हेल्प यू?"

"दहा हजार किलोमीटर झाले," अंकल छताकडे बघत म्हणाले, "सर्व्हिसला आलोय."

त्या सेल्समनला काहीही कळलं नाही, पण तो केरळचा आणि सभ्य होता. त्याने बेडला एक पूर्ण फेरी होऊ दिली.

गाडी घेतली म्हणजे मी एका बिरादरीत शिरले, हे मला नंतर कळलं. अंकलनी इथे-तिथे हेरून त्या कंपनीच्या गाडीवाल्यांची एक टोळी जमवली होती. रस्त्यात तशी गाडी दिसली की ते तिच्यामागे पार्किंगपर्यंत जायचे आणि वायपरखाली चिठ्ठी ठेवायचे: 'तुमची गाडी एकटी नाही.' खाली फोन नंबर. अशा चिठ्ठ्यांना घाबरून दोघांनी पोलिसात जायची भाषा केली होती. बाकीचे आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आले.

टोळीचे नियम मोजके. कोणाची गाडी दमली, पासिंगला नापास झाली, किंवा मालक देश सोडून निघाला, की गाडी बाहेरच्याला विकायची नाही. बाहेरचा ती घेऊन भंगारात तरी घालतो नाहीतर जहाजात चढवतो, आणि तिच्याबरोबर आपले सगळे सुटे भाग जातात. गाडी टोळीतल्या कोणी अख्खी घ्यावी. नाहीतर शनिवारी खानसाबांकडे आणायची, सगळ्यांनी हजर राहायचं आणि भाग वाटून घ्यायचे. ज्याचा भाग खरोखर बिघडलाय त्यालाच तो मिळणार. 'असू दे घरात, कधीतरी लागेल' हे बोलायचंच नाही. सर्वात मोठा भाग ज्याला मिळेल त्याने सगळ्यांना जेवू घालायचं.

हा नियम सर्वात जास्त कोणाला टोचला असेल तर टाईल फिटरला. त्याचे वडील आजारी पडले आणि तो व्हिसा रद्द करून गावी निघाला, तेव्हा एका डीलरने त्याच्या गाडीला चांगली किंमत देऊ केली होती. अंकल त्याच्या खोलीवर जाऊन बसले.

"कंप्रेसर, तुझ्या गाडीत आज कोणाचा अल्टरनेटर आहे?"

"फुजैरावाल्यांच्या जुन्या गाडीचा."

"दाराची काच?"

"तुमचीच."

"मग ती गाडी तुझी कशी झाली? व्हिसा तुझा. गाडी सगळ्यांची."

त्याने गाडी दिली. खोलताना तो गराजच्या मागे जाऊन उभा राहिला होता. अंकल तिथे गेले आणि म्हणाले, "रडायचं नाही. ती कुठे जात नाहीये. आठ ठिकाणी जातेय." वडील बरे झाल्यावर टाईल फिटर नव्या व्हिसावर परत आला. अंकलनी त्याला दुसरी गाडी शोधून दिली, पहिलीपेक्षा बरी. पण ते वाक्य त्याने जपून ठेवलं होतं.

आता घड्याळाचं सांगते. अंकलच्या गाडीच्या डॅशबोर्डवर एक चौकोनी डिजिटल घड्याळ होतं आणि ते भारताच्या वेळेवर लावलेलं होतं. म्हणजे इथल्यापेक्षा दीड तास पुढे. पहिल्यांदा त्यांच्या गाडीत बसणारा प्रत्येक माणूस दचकायचा. मी तर एकदा ओरडलेच होते, "अंकल, मीटिंग सुरू झाली असेल!"

"ते आपलं घड्याळ नाही," ते शांतपणे म्हणाले. "ते बाईचं आहे."

बाई म्हणजे त्यांची बायको. गाडी चालवता चालवता ते त्या घड्याळावरून तिकडचं सांगत जायचे. आता बाई मासळीला गेली. आता बाईने दुपारची झोप काढली, आता फोन केला तर खेकसेल. आता चर्चची घंटा झाली. मी एकदा म्हटलं, दीड मिळवायला काय लागतं, मनातल्या मनात होतं की. ते म्हणाले, "मिळवायचं कशाला? समोर दिसतंय ना."

या घड्याळाने एकदा घोळ घातला. एका शनिवारी खानसाबांकडे टाईल फिटरची आणि अंकलची, दोन्ही गाड्या कामाला होत्या. दोन्ही पांढऱ्या, एकाच मॉडेलच्या. जुन्या गाड्यांची कुलुपं इतकी झिजलेली असतात की एकीची किल्ली दुसरीला चालते, हे तोपर्यंत आमच्या कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. दोघं एकमेकांच्या गाड्या घेऊन गेले. टाईल फिटर रविवारी पहाटे कामावर निघाला. मोबाइल बंद पडलेला. गाडीत बसला, घड्याळ बघितलं आणि त्याच्या पायाखालची जमीन सरकली. साईटवर फोरमन कडक. त्याने खोलीतल्या इतर तिघांना अंथरुणातून ओढून काढलं, यल्ला यल्ला करत गाडीत कोंबलं आणि साईट गाठली. गेट बंद. वॉचमन झोपलेला. तिघांनी त्याला जे काही ऐकवलं ते तो आजही पूर्ण सांगत नाही.

इकडे अंकलना पत्ताच नव्हता. दुपारी त्यांनी सुकेळ्यासाठी डॅशबोर्डचा कप्पा उघडला, तर आत टाईलच्या फटीत घालायचे प्लॅस्टिकचे तुकडे. तेव्हा त्यांनी वर घड्याळाकडे बघितलं आणि मला फोन केला. "गिअरताई, बाई हरवली!" नंतर खुलासा झाला, पण त्या एका वाक्याने माझा जीव गेला होता.

साठी उलटल्यावर कंपनीने एकदा व्हिसा वाढवला, दुसऱ्यांदा नाही. अंकलनी ते एका वाक्यात स्वीकारलं: "खलास, आता बाईच्या वेळेवर जेवायचं." निरोप समारंभ, कागदपत्रं, सामान पाठवणं, सगळं मी मार्गी लावलं. राहिली गाडी.

टोळीत प्रत्येकाकडे एक गाडी होती, दुसरी कोणालाच नको होती. तेव्हा नवा माणूस शोधून त्याला टोळीत घ्यायचं आणि गाडी त्याला द्यायची, असं ठरलं. मी जाहिरात लिहून दिली. माणसं आली. अंकलनी एकेकाची तोंडी परीक्षा घेतली. एकाने अत्तर मारलं होतं, बाद. एक चांगला नाशिकचा इंजिनियर, पण लग्न झालेलं नव्हतं. "मागच्या सीटवर कोणाला बसवणार?" बाद. एका मुलाखतीला मी हजर होते. माणूस शांत, दोन मुलांचा बाप, मला अगदी योग्य वाटला. निघताना त्याने सहज विचारलं, "अंकल, पुढे विकायची झाली तर किंमत येईल ना?"

अंकलनी त्याच्यासमोरची सुकेळ्यांची पुडी उचलून खिशात घातली.

"अहो, काय चुकलं त्याचं?" मी तो गेल्यावर विचारलं.

"लग्न ठरवताना घटस्फोटाचं विचारत होता."

"अंकल, दिवस थोडे राहिलेत."

"मिळेल. इन्शाल्ला मिळेल."

नाही मिळाला. आणि एका दुपारी ऑफिसच्या पॅन्ट्रीत ते चहाचा कप घेऊन माझ्याजवळ आले. कधी नव्हे ते हळू आवाजात बोलले.

"ताई, तुम्ही घ्या ना. अख्खी."

मला ताई म्हणाले, गिअरताई नाही, तेव्हाच मी कप खाली ठेवला.

मी याचा विचार आधीच करून बसले होते. आमच्या बिल्डिंगमध्ये पार्किंग एक. दुसऱ्या गाडीचा विमा, पासिंग, चालवणार कोण? नवरा आठवड्यातून एकदा येतो. पण खरी अडचण ती नव्हती. माझ्या गाडीचा गिअरबॉक्स पहिल्यापासून दुखरा, आता तर महिनाभर घसरत होता, खानसाबांनी हात टेकले होते. टाईल फिटरला उन्हाळ्याआधी कंप्रेसर लागणार होता, फुजैरावाल्यांना रेडिएटर. ते घाटातून ये-जा करतात, गाडी तिथे तापली तर मदत मिळायला किती वेळ लागतो ते सगळ्यांना माहीत. ही गाडी मी अख्खी ठेवली तर या सगळ्यांचं अडणार. तसे भाग दुसरीकडे कुठेच नव्हते.

"नियम कोणी केला, अंकल?"

"मीच."

"मग?"

"मग काय. केला तेव्हा मी जाणार नव्हतो."

मी हसले नाही, तेही हसले नाहीत. मी म्हटलं, "नाही जमणार." त्यांनी मान हलवली, कप धुतला, पुसला, जागेवर ठेवला. दारातून वळून म्हणाले, "नाही म्हणालात ते बरं केलंत. हो म्हणाला असतात तर कंप्रेसरला तोंड दाखवायला जागा राहिली नसती." मग ग्रुपवर मेसेज आला: शनिवार, नऊ वाजता, माझी गाडी. सगळ्यांनी यायचं.

म्हणून आम्ही सगळे आलो होतो.

खानसाबांनी पाना हातात घेतला. "अंकल, खोलूं क्या?"

"पूछते क्यूं हो? मेरी है इसलिए? खोलो."

टाईल फिटर त्याच क्षणाची वाट बघत होता. "अंकल, रडायचं नाही हां. ती कुठे जात नाहीये. आठ ठिकाणी जातेय."

अंकलनी त्याच्याकडे बघितलं. "सात," ते म्हणाले. "आठवं ठिकाण मी होतो. आणि मी रडत नाहीये, पेट्रोलचा वास आहे."

"मग या गराजच्या मागे. मला तिथली जागा माहितीये," टाईल फिटर म्हणाला, आणि खरोखरच त्यांच्या खांद्यावर हात टाकून त्यांना मागे घेऊन गेला. दोघं परत आले तेव्हा हसत होते. काय बोलले ते दोघांनीही सांगितलं नाही.

पुढचं काम वेगाने झालं. अंकल बॉनेटपाशी उभे राहून पुकारत होते. कंप्रेसर: टाईल फिटर. रेडिएटर, पंख्यासकट: फुजैरा. पुढचे दोन्ही शॉकअ‍ॅब्सॉर्बर: वसईचे भाऊ. त्यातल्या धाकट्याने विचारलं, "अंकल, स्टेअरिंग पण घेऊ का? आमचं सोलवटलंय."

"वळतं ना?"

"वळतं."

"मग हातमोजे घाल."

बाकीच्या तिघांना आरसे, दिवे, बिजागऱ्या. गिअरबॉक्स मला. अख्खी गाडी नाकारणारी मी आणि सर्वात मोठा भाग माझाच. नियमाप्रमाणे बिर्याणी मीच आणली होती. अंकलनी ती दोनदा वाढून घेतली आणि मीठ कमी असल्याचं सांगितलं, त्यामुळे मला जरा बरं वाटलं.

जेवणं झाली. गाडी आता नुसता सांगाडा होऊन उभी होती. खानसाबांनी भंगारच्या पिकअपला फोन लावला. अंकल उघड्या दारातून आत डोकावून बघत होते. डॅशबोर्डवर ते चौकोनी घड्याळ तेवढं राहिलं होतं. बॅटरी काढलेली, त्यामुळे काळं. त्याला कोणीच हात लावला नव्हता. कोणाला लागतच नव्हतं. आमच्या सगळ्यांच्या गाड्यांतली घड्याळं चालू होती. माझं तर नक्कीच. दिवाळीच्या आधी अंकलनी स्वतः ते माझ्या गाडीतून काढून, सोल्डरिंग करून, परत बसवून दिलं होतं.

"अजून काही कोणाचं?" त्यांनी पुकारलं. "नाही? मग जाऊ दे पिकअपला."

"अंकल, माझं घड्याळ बंद आहे," मी म्हणाले.

माझी मुलगी फोनमधून मान वर काढून म्हणाली, "मॉम, इट्स वर्किंग. आय सॉ इट धिस मॉर्निंग."

फुजैरावाले आपल्या रेडिएटरकडे बघायला लागले. अंकलनी खिशातली हवेची काडी काढली, बघितली, परत ठेवली. ज्या माणसाने सोलवटलेल्या स्टेअरिंगलाही बदली दिली नव्हती, त्याने माझ्या मुलीकडे वळून अगदी गंभीरपणे सांगितलं:

"नाही, बेटा. बंदच आहे ते. मीच नीट केलं नव्हतं."

आणि त्यांनी स्वतः स्क्रू काढून ते घड्याळ सोडवलं, शर्टाच्या बाहीला पुसलं आणि माझ्या हातावर ठेवलं. वर एक सुकेळं.

अंकल गुरुवारी गेले. विमानतळावर सोडायला पाच गाड्या, सगळ्या अनाथ. टाईल फिटरने भर जानेवारीत एसी फुल ठेवला होता, दाखवायला.

सध्याची स्थिती अशी. माझा गिअरबॉक्स लोण्यासारखा चालतो. फुजैरावाले घाटात न थांबता येतात. कंप्रेसरला आता नवं नाव द्यावं लागेल. अंकल व्हिडिओ कॉलवर विचार करतायत. त्यांना वसईत त्याच कंपनीची एक गाडी एका वाडीत उभी दिसली आहे आणि त्यांनी तिच्या वायपरखाली चिठ्ठी ठेवली आहे. बाईंचं म्हणणं, हा माणूस आता मार खाणार.

घड्याळ मी बसवून घेतलं. माझं चालू घड्याळ कपाटात आहे, आणि ते नियमात बसत नाही हे मला ठाऊक आहे. वीज तुटली की या घड्याळाची वेळ पुसली जाते. आता ते बारावर लुकलुकत असतं. लावायचं म्हणजे शेजारचं छोटं बटण दाबून धरायचं, एवढंच काम आहे. शेजारी बसलेली मुलगी रोज म्हणते, "मॉम, जस्ट सेट इट." मी बटणावर बोट ठेवते. मग इथली वेळ लावावी की तिकडची, हे ठरेपर्यंत सिग्नल हिरवा होतो आणि मागचा हॉर्न देतो.

अंकल दर रविवारी विचारतात. "गिअरताई, लावलं का घड्याळ?"

"लावते, अंकल."

शनिवारच्या कामांच्या यादीत ते अजून आहे. बाकी सगळ्यांवर काट मारून झाली.